दोन टक्के

डॉक्टर दर दुसऱ्या मंगळवारी येतात सावंतवाडीहून.
नवे आहेत, आवाज मऊ आहे.
कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा, पुढून आणि पाठीमागून,
तिच्यावर पेनानं खुणा करत त्यांनी मला समजावलं :
रोग्याचा एक तळहात, बोटांसकट,
म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का.
कोपरं स्वच्छ, गुडघे स्वच्छ, डोक्यात काही नाही.
दोन तळवे. दोन टक्के.
‘सौम्य,’ त्यांनी लिहिलं,
आणि म्हणाले, ‘घाबरण्यासारखं नाही, कुमुदताई.’

मी तळवे टेबलावर उताणे ठेवले होते.
भेगांत बांगड्यांची चमकी अडकलेली, घासूनही न निघालेली.
ज्या पट्टीनं मोजायचं
तीच तडकली आहे,
हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळी मार्केटच्या उताराला
आमचं कासाराचं दुकान.
बांगडी भरायची म्हणजे समोरचीचा हात आधी आपल्या हातात घ्यायचा,
अंगठ्याखालचं हाड दाबून बघायचं,
सव्वादोन, दोन-सहा, दोन-आठ.
तीस वर्षांत मला टेप लागली नाही.

आधी त्या म्हणू लागल्या, ‘तू डझन दे गं, आम्ही घरी घालतो.’
मग पैसे काचेवर ठेवू लागल्या.
मग तांडेलांच्या सुनेचा चुडा होता,
सासूनं माझ्या हातांकडे पाहिलं
आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, ‘भाऊ, तुम्हीच भरा.’
त्याला घाई फार. तीन वाढल्या त्याच्या हातून.

आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
म्हणून डॉक्टर दर खेपेला विचारतात ‘वाढलंय का?’
तेव्हा मला सुचत नाही काय सांगावं.
डाग आहे तेवढाच आहे.

बाकावर शेजारी पास्कू बसतो, ट्रॉलरवरचा.
पाठ, पोट, दोन्ही नडग्या, सगळीकडून चंदेरी खपल्या,
उठला की बाकावर त्याचं थोडं राहतं.
त्याच्या कागदावर ‘तीव्र’, खाली दोन रेघा.
महागाचं इंजेक्शन त्याला मंजूर झालंय
आणि त्याला ते नकोय.
‘माका काय नाय ओ,’ तो म्हणतो,
‘दर्यार कोण बघता? मासो?’
आणि पोट खाजवत हसतो, खरंच हसतो,
मी नीट बघितलंय.

नर्सनं मला एक कागद भरायला दिला.
गेल्या आठवड्यात कातडीमुळे किती अवघडल्यासारखं झालं?
अजिबात नाही, थोडं, बरंच, खूपच.
पेन धरताना अंगठ्याची भेग उलली.
‘खूपच’पर्यंत हात गेला आणि मागे आला.
दोन टक्क्यांची बाई, आणि एवढं?
मी ‘थोडं’वर खूण केली.
कागदाला थोडं रक्त लागलं, ते पदरानं टिपलं.

डॉक्टरांनी कागद वाचला. ‘छान,’ म्हणाले.
त्या ‘छान’नं मला काय झालं कोण जाणे.
म्हटलं, ‘हात द्या तुमचा.’
‘माझा?’
‘माप घेते.’

हा आजार लागत नाही,
हे त्यांनीच मला सांगितलं होतं, दोनदा.
तरी मी धरल्यावर त्यांची बोटं आखडली.
क्षणभरच. पण ते मला कळणारच,
त्यातच माझं आयुष्य गेलंय.
आखडलेल्या हातात बांगडी जात नाही.
‘सैल सोडा,’ मी म्हटलं, सवयीनं,
जसं प्रत्येक नवरीला म्हणते.

पंखा फिरत होता. बाहेर पास्कू नर्सशी भांडत होता.
हळूहळू सुटली बोटं.
‘दोन-दहा,’ मी म्हटलं. ‘मोठा आहे हात.’

त्यांनी लगेच हात काढून घेतला नाही.
मग पेन उचललं.
‘सौम्य’ तसंच राहिलं, खोडलं नाही,
पुढे मात्र बरंच काही लिहिलं, बारीक अक्षरात.
माझ्या बाजूनं ते उलटं दिसत होतं.