तार

गॅस झाला म्हणून आले होते.
गांधीबागेहून, भाच्याच्या स्कूटरवर,
डोक्याला ओला दुपट्टा, गालात ओव्याची चिमूट.
छातीत दुखतं का, डॉक्टरांनी चारदा विचारलं.
"दुखत काई नाई ना वो. घाम येऊन रायला फक्त.
अन् घाम तं भट्टीपाशी रोजच येते."

कागदावरची रेघ मात्र
जिथे खाली उतरायला हवी तिथे उतरलीच नव्हती.
जुनी साखर नसांची टोकं कुरतडून बसते,
मग हृदयाचा एक तुकडा मरत असतो
आणि निरोप वरपर्यंत पोचत नाही.

पलंग सात. देवाजी सोनकुसरे, वय एकसष्ट,
बर्फीचे कारागीर.
मधुमेह : माहीत नाही, असं मी लिहिलं.
मग यंत्रावर चारशे बारा आले
आणि मला ते खोडावं लागलं.

दर तासाला बोट टोचायचं.
मी अंगठा धरला. सुई आत जाईना.
तर्जनी धरली. तीही तशीच,
चाळीस वर्षं उकळत्या पाकात बुडवून
चामड्यासारखी झालेली.
"ते दोन सोडा, बाई," ते म्हणाले,
"ते दुकानाचे हायेत."
मी करंगळी घेतली.

थेंब आला तसा ते वाकून बघत राहिले,
छातीवरच्या तारा ताणल्या जाईपर्यंत.
"किती तारी?"
दोनतारीच्या पुढे गेलाय, काका.
"मंग तं बर्फी जमते," म्हणाले,
हसले,
मग भिंतीकडे तोंड केलं.

दुसरा रिपोर्ट दहाला आला, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा.
त्यात लग्नसराई होती,
संत्रा बर्फीच्या रोजच्या कढया होत्या,
पहाटे चारचा पहिला घाणा होता.
"मी खात नाई. नुसतं चाखतो.
चाखल्याचं कोणी मोजते काय?"

मोजलं होतं.

बाहेर व्हरांड्यात चादरींवर माणसं,
मेची रात्र, अकरालाही फरशी तापलेली,
कुणी सलाईनच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घेतंय.
देवकाबाई दाराशी उभ्या.
"हृदयाचं सांगतलं होतं ना? मंग साखरेचं काऊन काढता?
दोन-दोन बिमाऱ्या एका माणसाले?"
फॉर्मवर रकाने वेगळे आहेत, एवढंच मला सांगता आलं असतं.
तेही सांगितलं नाही.
माझ्याकडे बारा पलंग होते,
आणि पाचांवर हीच दोन नावं
शेजारी शेजारी.

तीन वाजता ते थरथरायला लागले.
पुन्हा तोच घाम.
हवेत खवा मळत होते दोन्ही हातांनी,
कुणा बंड्यावर ओरडत होते आच कमी कर म्हणून.
चोपन्न.
इन्सुलिन जरा जास्तच खाली घेऊन गेलं होतं.
डॉक्टर म्हणाले, ड्रिप थांबवा, साखर पाजा.

तर ज्या माणसासाठी रात्रभर
साखरेशी भांडत होते
त्याच्यासाठी पहाटे वाटीत साखर विरघळवत बसले.
घाईत चमचा वाटीला लागून वाजत होता.
मान उचलून पाजली.
गिळेनात. जिभेवर घोळवत राहिले,
डोळे मिटूनच म्हणाले,
"कच्चा हाये. अजून दोन उकळ्या."

मग गिळली.
पंधरा मिनिटांनी शहाण्णव.

नऊ नंबर काल घरी गेले.
त्यांच्या मुलाने टेबलावर बर्फीचा डबा ठेवलाय,
आनंदाचा.
रात्रीतून निम्मा झाला.
माझ्या आईला साखर आहे, मामाला होती,
मी अजून तपासलेली नाही.
पाचच्या सुमाराला एक वडी उचलली.
नुसती चाखली.

सात वाजता सकाळची मुलगी आली. तिला सांगितलं :
सात स्थिर. ड्रिप कमी वेगाने पुन्हा सुरू.
दर तासाला साखर बघ,
डाव्या हाताची, उजव्या हाताची, कुठलीही बोटं,
अंगठा आणि तर्जनी सोडून.