वन बाय टू

फत्तेगंजात, सायकलवाल्याच्या वर,
गुडघा धरून सतरा पायऱ्या:
बेला नापोली.
पाटीवरच्या 'ना'ची नळी कधीची गेलीय,
संध्याकाळी नुसतंच 'बेला पोली' पेटतं.
मृदुला विचारते, गुळाची की पुरणाची?

किरीटभाई आधी बोटीवर होते, भटारखान्यात.
जेनोआच्या धक्क्यावर कुणा म्हातारीनं
कणकेला कसं हाताळायचं ते शिकवलं म्हणे.
ती ऐकेल तर रडेल,
इथे सॉस कांदा-लसणाशिवाय.
आणि दर वेळी तोच प्रश्न, "बेन, मोळुं के तीखुं?"
जसं काही आम्ही दोघी आजच आलोय.

पहिल्यांदा आलो ते लाइट बिल भरायला म्हणून.
दोघींच्या पर्समध्ये मिळून एकशे ऐंशी रुपये.
तिनं पास्त्यावरचं हिरवं पान उचललं,
हुंगलं, ताटलीच्या कडेला ठेवलं.
"तुळशीच्या माहेरचं दिसतंय हो वहिनी,
दातानं कसं चावू?"
मी चावलं.
मोठ्या जावेनं काहीतरी पाप करावंच लागतं.

पुढे बिलं मुलं फोनवरून भरू लागली.
आम्ही भरायला जातच राहिलो.

मग वाघोडिया रोडचा प्लॉट.
दोघे भाऊ वकिलाच्या तोंडून बोलायला लागले.
जिन्यात जाळीचं दार आलं,
वर तिचा गॅस, खाली माझा,
गणपती एक वर्ष वर, एक वर्ष खाली.
लोणच्याच्या बरण्या निघाल्या पंधरा.
सात तिला, सात मला,
उरलेली कुणीच मागितली नाही,
जिन्याखाली मुरतेय अजून.

आता जिन्यात समोरासमोर आलो
तर मी भिंतीकडे बघते, ती चपलांकडे.
घरात तसं ठरलंय.
कुणी ठरवलं, विचारू नका.

पण महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी
मी इथे चारला.
ती सव्वाचारला, कारेलीबागेतून रिक्षा बदलत,
पदरानं मान पुसत.
टेबल तेच, कूलरसमोरचं.
एक लझानिया, वन बाय टू.

किरीटभाईंना काही माहीत नसावं.
असेलही, बडोदं ते केवढंसं.
ते एक प्लेट ठेवतात, दोन काटे,
आणि सुरी हातात धरून विचारतात,
"बे भाग करी आपुं?"

"नको!"
दोघी एकदम.
शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघतात.

मग ती तिच्या बाजूनं, मी माझ्या.
चीजची तार लांबत जाते, तुटता तुटत नाही,
ती काट्याला गुंडाळते, लोकर गुंडाळावी तशी.
बोलणं कसलं, हेच आपलं:
तिच्या ऋचाला नाशिकचं स्थळ, मुलाला टक्कल.
माझी कामवाली गावी गेलीय.
"भावजींचा खोकला रात्री वर ऐकू येतो," ती म्हणते,
आणि पर्समधून बाटली काढते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
अडुळसा, मध, थोडी सुंठ.
"कुणी दिलं ते सांगू नका."
मी सांगत नाही.
हे घोट घेतात, तोंड वाकडं करतात, म्हणतात,
तुझ्या हाताला गुण आहे.

निघताना ती आधी,
मी दहा मिनिटांनी.
जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज, मग रिक्षाचा.
प्लेटीच्या कडेला एक पान राहिलेलं असतं.
ती अजून ठेवते.

मी अजून खाते.