कर्ता कुठाय

ऐरोलीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझा वर्ग.
संध्याकाळी सातला.
जिन्यात टोनरचा वास, फळ्यावर बीजगणित
अर्धवट पुसलेलं,
दुपारी इथे दहावीची मुलं असतात.

आज खुणा करायच्या होत्या:
पूर्ण वाक्याला बरोबर, तुकड्याला गोल.
सांगितलं, लांबीवर जाऊ नका.
'गो' एवढंसं असतं, पण पुरतं,
त्याचा कर्ता समोर उभा असतो, ऐकत.
आणि 'रनिंग डाउन द पाम बीच रोड विथ अ टिफिन इन वन हँड'
कितीही पळू दे,
पोचत नाही कुठेच.

मयुरेश गावंडने तरी त्याला बरोबर दिलं.
एवढं लिहिलंय, सर, म्हणाला, थोडे तरी मार्क.

मग फळ्यावर लिहिलं: व्हेन द टाइड कम्स इन.
पुढे टिंब.
मागच्या बाकावरून जयवंती कोळी: पूर्ण.
म्हटलं, भरती आली की काय? ऐकणारा थांबलाय अजून.
"भरती आली म्हंजे आली, सर.
थांबलाय त्यानं बाजूला व्हावं."

वर्ग हसला. मी 'व्हेन'वर बोट ठेवलं,
हा झाकला की वाक्य उभं राहतं,
उघडा ठेवला की लोंबकळतं.
दुसऱ्याच्या वजनकाट्याकडे बघावं
तशी ती बोटाकडे बघत राहिली.

"ही माझी बोट. यात क्रियापद कुठाय?"
नाही.
"आमचा खालूनच ओरडतो, आलो. त्यात कर्ता?"
आहे. त्या ओकारात बसलाय.
"म्हंजे आपल्यात चालतं."
आपल्यात चालतं. तिकडे 'इज' मारावा लागतो,
एवढ्याशा खिळ्यावर अख्खी फळी.

कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीची ती नवी सेक्रेटरी.
पत्रं इंग्रजीतून येतात, म्हणून हा वर्ग.
पर्समधून, बर्फाच्या पावतीला चिकटलेलं, एक निघालं,
चार घड्या, खाडीपुलाच्या भरपाईचं.
आपल्या बारा तारखेच्या पत्राच्या संदर्भात,
बाधितांच्या यादीबाबत, उपरोक्त विषयास अनुसरून.
मग टिंब. मग सही.

"कर्ता कुठाय, सर?"

दोनदा वाचलं.
क्रियापदही नव्हतं.
सही होती, तीसुद्धा कुणाच्या तरी वतीने.
तिने माझा लाल पेन घेतला
आणि सावकाश, शिक्क्याला धक्का न लावता,
गोल केला.

वह्या घरी तपासल्या, जेवण झाल्यावर.
तिच्या वहीत माझं अर्धं वाक्य,
टिंब खोडून केलेला स्वल्पविराम,
आणि पुढे वाकड्या अक्षरात: आय ॲम नॉट इन क्लास.

हजेरीपट काढला.
तिच्या नावापुढच्या फुल्या
भिंतीवरच्या कॅलेंडरशी लावून पाहिल्या.
अष्टमी, नवमी. पंधरा दिवसांनी पुन्हा
अष्टमी, नवमी.
त्या दिवशी सातच्या आसपास पाणी चढतं,
बोट धक्क्याला लागते,
टोपल्या कुणीतरी उतरवून घ्यायला हव्यात.
मला सांगितलं नव्हतं कधी.
मीही विचारलं नव्हतं.

वाक्य बरोबर. खूण दिली.

आज अष्टमी.
सव्वासात. मयुरेश आलाय, टिफिन घेऊन.
रेहाना खाली झेरॉक्स काढतेय.
मागचा बाक रिकामा.