दीड आटा

कादराबादच्या टाकीखाली एकतीस वर्षं
मी पाणी सोडलं.
हातात लोखंडी टी-पाना, खड्ड्यात पाय,
आणि डोक्यात हिशोब :
वरच्या गल्लीला तीन आटे,
उताराला दीड.
उताराला जास्त गेलं की वरचे नळ नुसते फुसफुसतात
आणि लोक माझ्या आईपर्यंत पोचतात.

म्हणून बँकेतल्या पोरीनं ठेवीवर
क्रेडिट कार्ड दिलं, म्हणाली,
"काका, दीड लाखाची लिमिट आहे बरं,"
तेव्हा मला आनंद नाही झाला.
एवढ्या दाबाची लाइन
माझ्या दोन खोल्यांच्या घरात?
जॉइंट कुठून सुटेल, सांगता येत नाही.

तशात मुबीनभाईचं झालं.
शिवता शिवता फोन उचलला.
लाइटबिल थकलंय म्हणे, आज रात्री कनेक्शन तोडतो.
गळ्यातली टेप गळ्यातच राहिली
आणि चौऱ्याऐंशी हजार गेले
एका पायजम्याची नाडपट्टी व्हायच्या आत.

नात संबोधी फोन घेऊन बसली.
"आबा, दिवसाला किती ठेवू?"
दीड हजार.
"ऑनलाइन?"
पाचशे.
"देशाबाहेर?"
बाई, मी परतूरच्या पुढं कधी मुक्काम नाही केला.
तिनं बोटानं एक हिरवा ठिपका सरकवला,
तो राखाडी झाला.
एवढंच?
ना खड्डा, ना चिखल.
एवढ्या हलक्या व्हॉल्वची मला जरा लाजच वाटली.

त्रास झालाच त्याचा.
हिच्या मोतीबिंदूच्या वेळी
काउंटरवरच्या पोरानं कार्ड दोनदा घातलं,
मशीननं दोनदा नाही म्हटलं.
"पैसे नाहीत का काका?"
मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.
आहेत. मीच बंद केलेत.
हे वाक्य मी आधीही बोललेलो आहे,
भर मे महिन्यात, हंडे घेऊन आलेल्या बायांपुढं :
आहे पाणी. मीच बंद केलंय.
तेव्हाही कुणाला पटलं नव्हतं.
संबोधीची शिकवणी सुटेपर्यंत
ही डोळ्यावर पट्टी घेऊन बाकावर बसली.
तिथं काही बोलली नाही.
घरी आल्यावर बोलली.

मग एका रात्री, दोन चाळीसला, उशाखाली फोन थरथरला.
अठ्ठेचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव : नाकारले.
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव : नाकारले.
दोन हजार : नाकारले.
मी उठून बसलो.
कुठल्या गावचा, कोण, काही माहीत नाही,
तरी हा माणूस ओळखीचा वाटला.
अंधारात आटा चाचपत होता.
असेच यायचे लोक, चेंबरचं कुलूप तोडून,
एखादा आटा चोरून फिरवायला.
त्यांची निदान टिपाडं रिकामी होती.
याचं काय रिकामं आहे?

दोन सत्तेचाळीसला
चारशे नव्व्याण्णव :
गेले.

संबोधीनं झोपेतच कार्ड बंद केलं आणि कूस बदलली.
सकाळी मुबीनभाईला सांगितलं.
"सस्त्यात सुटला असरुबा," म्हणाला,
हसला, आणि हसता हसता मशीनचा पाय थांबला त्याचा.
मी चहा न घेताच उठलो.

आता नवं कार्ड आलंय.
संबोधी म्हणते, यावर शून्यच टाकू.
नको.
पार आवळला की आटा झिजतो,
मग सोडायच्या दिवशी फिरत नाही.
थोडं पाझरू द्यावं लागतं.
किती, ते हाताला कळतं.

मी काचेवर अंगठा ठेवून बघतो.
गार आहे. खाली पाण्याचा आवाज नाही.