वरच्या मजल्यावरची गाठ

वहीतली पहिली सही हेस्टर प्रिंगलची.
लीथहून लंडनला आलेली टायपिस्ट, बूट ओले.
गाइड मुलींचा क्लब, भाडं आगाऊ,
गॅसच्या मीटरला शिलिंग वेगळं.
दहानंतर दार बंद,
तरी स्वयंपाकघराची खिडकी लावायला
कुणीतरी हटकून विसरायचंच.

बॉम्ब पडला त्या रात्री जिना गेला.
वर अकरा जणी.
चादरीला चादर बांधत
हेस्टर म्हणाली,
"याच गाठीसाठी मला बिल्ला मिळाला होता.
बघू, खरा होता का ते."

अकराही उतरल्या,
शेवटची शिव्या देत.

परवा इमारत विकली.
सामान मोजणाऱ्या पोराला
रेडिएटरच्या पाइपला
रंगाच्या चार थरांखाली
एक चिंधी सापडली.
नखांनी सोडवून पाहिली त्याने,
मग कात्री आणायला खाली गेला,
नव्या जिन्याने.