हळदीखालचा निळा

सात चाळीसला आरसा मोकळा होतो.
त्याआधी धाकट्या दिराची दाढी, पोरीच्या वेण्या.
मग बारा मिनिटं माझी.
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत डावा डोळा,
पाचवीपर्यंत उजवा.
उजवा जरा घाईतला असतो,
जवळून पाहिलं तर कळतं.
जवळून कोण पाहतंय.

सांगलीच्या मार्केट यार्डात, मगदूम अण्णांच्या अडतीत
मी पावत्या लिहिते.
राजापुरी, कांडी, गड्डा,
पोती, वजन, तोलाई, हमाली.
तिथं सगळंच पिवळं:
वहीची कड, पंख्याची पाती,
दस्तगीर हमालाच्या भुवया.
चहासुद्धा पिवळा लागतो.
पहिली चार वर्षं मी नुसतं काजळ घालायचे.
काजळाला कुणी मेकअप म्हणत नाही.

मग हरभट रोडला
पोरीच्या रिबिनी घेताना ती डबी दिसली.
अठरा रंग. झाकणाला तडा, म्हणून निम्म्या किमतीत.
दुकानदार म्हणाला, लग्न आहे का घरात?
नाही, म्हटलं, उद्या सोमवार आहे.

सोमवारी मोरपंखी.
अण्णांनी चष्मा पुसला,
पावतीवरची बेरीज दोनदा तपासली.
बिरू पोतं खांद्यावरच ठेवून थबकला,
ताई, कुठं लागलं काय हो?
लागलं नाही रे.
लावलंय.

तेव्हापासून रोज.
जांभळा. डाळिंबी. विटकरीला पोपटी काठ.
ब्रश नाही, अनामिकेनं लावते,
रंग ओढायचा नाही, टेकवायचा,
पापणीच्या घडीत त्याचा तो बसतो.
रेघ चुकली तर पुसायची नाही,
जाड करायची.
जाऊ म्हणाली, लोकांच्या डोळ्यावर येतं गं.
माझ्याही डोळ्यावरच आहे की, म्हटलं,
आणि डबा भरला.

आषाढात माझे डोळे आले.
आठ दिवस काळा गॉगल, थेंब, कोमट पाण्याचा बोळा.
सौदे कमीच होते, तरी अडत सुनी वाटली,
मला नव्हे, त्यांना.
तेव्हा कळलं
की गेटावर रोज पैज लागायची:
आज कुठला रंग, हरेल त्याचा चहा.
दस्तगीर म्हातारा माणूस, बोलत नाही फारसा,
चौथ्या दिवशी काट्यापाशी हळूच म्हणाला,
बेटी, चष्म्याच्या आड आज कुठला?
लाल, म्हटलं. फुकटचा.
तो हसला तेव्हा भुवयांतून हळद पडली.

नवव्या दिवशी शेंदरी लावला.
कोण जिंकलं माहीत नाही,
चहा मात्र मलाही आला.

संध्याकाळी पोर माझ्या मांडीत डोकं न ठेवता
माझंच डोकं तिच्या मांडीत घेते.
कापसाला खोबरेल लावून पापण्या पुसते,
जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.
काल कापूस दिव्याजवळ धरून म्हणाली,
आई, आज हिरवा होता?

निळा होता, म्हटलं.
दिवसभर हळद पडली त्याच्यावर.

तिनं कापूस टाकला नाही.
करंगळीनं त्यातला थोडा उचलला
आणि आरशाकडे गेली.
मी कुकर लावायला उठले,
म्हटलं, डावा आधी कर.