चौथं रीळ

डबा उघडला तसा खोलीभर आंबूस वास सुटला.
चोलेंग म्हणाली, कोणी पाक्सिव शिजवतंय का?
कोणी नाही. सिनेमा कुजला होता.
फिल्म म्हातारी झाली की तिचं व्हिनेगर होतं,
संग्रहालयातल्या पोराने सांगितलं मला
हातमोजे काढत, ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात तसं.

सहांपैकी पाच रिळं शाबूत.
चौथं गेलं.

'एका शुक्रवारी सात गोळ्या', साल एकोणऐंशी.
नवोतासच्या मासळी बंदरावर अठरा दिवसांत उरकलेला,
मनिलात नऊ दिवस तग धरलेला,
पेपरवाल्यांनी दोन ओळींत निकालात काढलेला,
आणि नऊ वर्षांच्या मी
पोट दुखतंय सांगून शाळा बुडवून
तीनदा पाहिलेला.
तो आता नव्याने करायचाय. पैसे उभे राहिलेत.
पैसे लावणारे ओन्ग विचारतात,
चौथ्यात होतं काय?

तिसऱ्याच्या शेवटी लिग्या पळते
बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवरून,
मागे चौघं, कोयते घेऊन.
पाचवं सुरू होतं तेव्हा ती नावेत,
केस ओले, डावा हात झोळीत,
आणि चौघांतला एकच उरलाय.
मधली अकरा मिनिटं
कोणाकडेच नाहीत.

कॅमेरावाला कावितेत मुलीकडे असतो,
त्याला एक पूल आठवतो.
खलनायकाचा मुलगा शपथेवर सांगतो,
बाबा त्यात मरताना हसले होते.
मला आग आठवते. ज्वाळा, पाण्यात पडलेला त्यांचा रंग,
सगळं लख्ख.
चोलेंग म्हणते, आग कसली?
रॉकेलला पैसे होते कोणाकडे!

चौथ्यात मी होते, म्हणते.
पळताना लिग्या, पडताना मी.
तिसरा मजला. खाली सार्डिनचे रिकामे खोके,
बर्फ वितळून भिजलेले, भाकरीसारखे मऊ.
पहिल्यांदा पडले तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मच संपलेली.
डिरेक टालावेरा सिगारेट विझवत म्हणाले,
पोरी, पुन्हा एकदा.
दुसऱ्यांदा हात गेला.
पडद्यावर तो मोडताना चक्क दिसायचा,
म्हणून पुढे लिग्याला झोळी बांधावी लागली.
नाहीतर तिच्या हाताला काय धाड भरली होती?

साठ पेसो मिळाले.
आणि बर्फ. बर्फ फुकट.

आता दोऱ्या आहेत, हिरवा पडदा आहे,
विम्याचा माणूस छत्रीखाली बसलेला आहे.
मायुमी तेवीस वर्षांची, रोज दोन तास व्यायाम,
ती चोलेंगच्या स्टुलाजवळ उकिडवी बसून विचारते,
आजी, पडायचं कसं?
माझ्यासकट सगळ्यांचे कान तिकडे.
काहीतरी मोठं ऐकायला मिळणार,
निदान मुलाखतीत सांगण्याजोगं.
चोलेंग म्हणाली, तोंड मिटून.
जीभ दातात सापडते.
आणि जीभ काढून दाखवली:
कडेला एक खाच, तांदळाएवढी.

चौथं रीळ मी तीनदा लिहिलं.
एकदा आगीसकट. ती काढून टाकली,
पण जीवावर आलं.
शेवटी गच्चीच ठेवली, आणि पडणं.

मायुमी झेपावली, दोर सुटला, झकास झालं,
ओन्ग टाळ्या वाजवायला उठले.
मी मात्र पडद्याकडे बघत नव्हतो.
चोलेंगचा डावा कोपर आपसूक वर आला होता,
चेहऱ्यापुढे,
आणि ती पुटपुटली, आत्ता.
मायुमी जमिनीला लागायच्या अर्धा क्षण आधी.

माइकने ते पकडलं.
मिक्सिंगला बसलेला म्हणाला, काढू?
म्हटलं, राहू दे.
वारा आहे, लाटा आहेत, कोयत्यांचा खणखणाट आहे,
त्यात एका म्हातारीचा आवाज,
गच्चीवर कोणी म्हातारी नसताना.

ओन्गना तो काल ऐकू आला.
हा कोणाचा? यादीत नाव दिसत नाही.
मी म्हटलं, पहिल्या यादीतही नव्हतं.